सर्वौषधीचा कलश

"अगं, वास घे की. लांबनं काय बघतीस?"

देवगोंडा मगदुमांनी चांदीची डबी उघडून त्रिशलेपुढे धरली. मंदिराच्या सभामंडपात आम्ही तिघेच होतो. माघातली सकाळ होती. टेकडीवरच्या बाहुबली भगवंतांचा वार्षिक मस्तकाभिषेक दुसऱ्या दिवशी व्हायचा होता आणि निरनिराळ्या कलशांची द्रव्ये एकेक करून माझ्यापुढे येत होती. मी त्या मंदिराचा उपाध्ये. अभिषेकाचे मंत्र म्हणणे आणि द्रव्यांची शुद्धता पाहणे हे वडिलांकडून माझ्याकडे आलेले काम. एरवी मी गावच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत असे.

डबीत तांबड्या रेशमी चिंधीवर एक काळपट, केसाळ गाठ होती, सुपारीहून जराशी मोठी. झाकण निघताच मंडपाच्या कोपऱ्यापर्यंत तिचा वास गेला. कस्तुरीचा वास एकदा आला की इतर सर्व वास त्याच्यापुढे उठून उभे राहतात, असे माझे वडील म्हणत. त्रिशलेने मात्र पदर नाकाला लावला.

"अण्णा, हे हरीण कसं मेलं?"

"मला काय ठाऊक? आजोबांच्या वेळची नाभी हाय ही." मगदुमांनी झाकण अर्धे लावले. तालुक्याच्या पेठेत त्यांचे अत्तरांचे आणि पूजासाहित्याचे मोठे दुकान होते. त्यांच्या कानात सदैव हिन्याच्या अत्तराचा फाया असे आणि त्यामुळे ते आल्याची वर्दी ते दिसण्याआधीच मिळे. मंदिराच्या ट्रस्टचे अध्यक्षही तेच. "मरून किती वर्सं झाली त्येला. आता काय दुखतंय?"

"त्याला दुखत नाही, म्हणून भगवंतांना चालतं?"

मगदूम हसले. "ऐकलं का, पंडितजी? तुमची भाची देवाला काय चालतं ते आम्हास्नी सांगणार."

"सांगत नाही, विचारते," त्रिशला म्हणाली. "आपण कांदा खात नाही, जमिनीतले जीव मरतात म्हणून. पाणी गाळून पितो. वाटेतली मुंगी चुकवतो. आणि ज्यांच्या मांड्यांवर वेली चढल्या, पायांशी वारुळं उठून त्यांत साप राहिले तरी ज्यांनी पाऊल हलवलं नाही, त्यांच्याच मस्तकावर मारलेल्या हरणाची बेंबी उगाळून ओततो. वर नखलाही घालतो. नखला म्हणजे काय, ठाऊक आहे ना? समुद्रातल्या गोगलगायीच्या शंखाचं झाकण. ती जिवंत असताना ते निघत नाही."

मगदुमांनी माझ्याकडे पाहिले. आता बोलणे मला भाग होते.

"परंपरेच्या पाठात कस्तुरी आहे, त्रिशला," मी म्हणालो. "सर्वौषधीच्या चूर्णात चंदन, केशर, वाळा, कचोरा यांच्याबरोबर तिचं नाव येतं. ते मी खोडू शकत नाही."

"खोडू नका, मामा." तिने पिशवीतून एक लहान बाटली काढली. तळाशी मसुराएवढ्या करड्या रंगाच्या बिया होत्या आणि वर चंदनाचे तेल. "कस्तुरभेंडीचं बी. कालव्याच्या कडेला मी स्वतः लावलं होतं. वैद्यकाच्या ग्रंथांत हिला लताकस्तुरी म्हणतात, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"भेंडीचं बी!" मगदुमांनी मांडीवर थाप मारली. "उद्या देवाला दोडक्याचा रस घाला म्हणंल ही. हे बघ पोरी, कस्तुरीला जो वास येतोय तो जिवाचा हाय. जीव गेला म्हणून तो मागं ऱ्हायलाय. बी-बियाण्याला तो येत न्हाई. आला तर मला सांग, मी दुकानाची पाटी उतरवतो." मग त्यांचा स्वर बदलला. "आन् दुसरं. धर्मशाळेतल्या तुझ्या खोलीबद्दल यात्रेकरूंची तक्रार हाय. साबण कढवतीस, धूर करतीस. उद्याचा कलश तुला एवढाच पाहिजे असंल तर दुपारी सवालाला बस. जिंकलीस तर कलश तुझा, खोली तुझी. न्हाई तर उत्सव झाला की कुलूप लावून किल्ली माझ्याकडं आणून दे."

"बसते," त्रिशला म्हणाली.



त्रिशला माझ्या धाकट्या बहिणीची, वसुमतीची मुलगी. वसुमती लवकर गेली आणि मुलगी आमच्या घरी वाढली. रसायनशास्त्रात पदवी घेऊन ती एका मोठ्या शहरातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली, तेव्हा मी गावभर पेढे वाटले होते. वर्ष पुरे व्हायच्या आत ती ट्रंक घेऊन परत आली. कारण विचारले तर कितीतरी दिवस सांगेना. एकदा परसात पाने निवडीत असताना आपण होऊन बोलली. नवी क्रीम, नवा शाम्पू बाजारात जाण्यापूर्वी तिथे सशांच्या डोळ्यांत घालून पाहत. पंजा डोळ्यापर्यंत पोचू नये म्हणून त्यांची मान चौकटीत अडकवलेली असे.

"मामा, ससा ओरडत नाही," ती म्हणाली होती. "म्हणून तिथं फार शांत असतं."

नंतर तिने धर्मशाळेची मागची खोली मागून घेतली. खोबरेलाचा साबण, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ, वाळ्याचे आणि मोगऱ्याचे अत्तर अशा वस्तू ती करू लागली. कुंकवाखाली लावायच्या मेणासाठी मधमाश्यांचे पोळे पिळायला नको म्हणून तिने राळ आणि तेल कढवून वेगळेच मेण बनवले. प्रत्येक वस्तू ती आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाही. तिच्या डाव्या मनगटावर कुठे लाल, कुठे काळसर असे डाग कायमचे पडले होते आणि बाहेर पडताना ती ते पदराखाली झाकी. गावातल्या चार-दोन गरजू बायकांना त्या खोलीत काम मिळाले होते. गाव तिला 'सशांची आई' म्हणे. ती त्यावर रागावत नसे, आणि म्हणूनच ते नाव टिकले होते.

सवाल म्हणजे काय, हे आमच्याकडच्या लोकांना सांगावे लागत नाही. अभिषेकाचा कोणता कलश कोणाच्या हातून व्हावा, त्याची मंडपात बोली लागते. जो अधिक दान बोलेल त्याचा तो मान. परंतु सर्वौषधीच्या कलशाला आमच्या गावात पैशांचा सवाल कधीच लागला नाही. तिथे बोली त्यागाची. आयुष्यभरासाठी तुम्ही काय सोडता, ते बोलायचे. जे आपल्याजवळ आहे आणि ज्यावर आपला जीव आहे तेच सोडता येते. एकदा सोडलेले पुन्हा सोडता येत नाही. निर्णय होईपर्यंत बोली वाढवता येते, बदलता येते, आणि कोणालाही आपला त्याग दुसऱ्याच्या त्यागाला जोड म्हणून देता येतो. जड कोणाचा आणि हलका कोणाचा, हे उपाध्यांनी ठरवायचे. ज्याचा कलश त्याचे द्रव्य, ही त्यातली शेवटची अट. मगदुमांच्या विरुद्ध कोणी बोलत नसल्यामुळे कित्येक वर्षे तो कलश त्यांच्याच घरी जात होता. एका वर्षी त्यांनी कारले सोडले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या दुपारी मंडप भरला. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मी मधल्या चौरंगावर बसलो. बसताच मगदूम उभे राहिले.

"सुरुवातीलाच एक बोलतो. उपाध्ये न्याय करणार आन् पोरगी त्येंचीच भाची. हे कसं जमायचं?"

"तुम्ही म्हणाल तर मी उठतो, अण्णा," मी म्हणालो. "बसलो तर भाची म्हणून गुंजभरही अधिक धरणार नाही."

ते खाली बसले. "बसा. तुमच्यावर इस्वास हाय."

पहिला सवाल दादू चौगुल्यांचा झाला. दादूला म्हशी पाळण्याचा आणि मधे बोलण्याचा, असे दोन शौक होते. "मी दारू सोडली," त्याने खणखणीत आवाजात सांगितले.

"तू घेतलीस कधी?" मी विचारले.

"न्हाई."

"मग सोडतोस काय?"

मंडप हसला. बायकांच्या बाजूने त्याची बायको ओरडली, "तंबाखू सोडा म्हणावं त्येला, पंडितजी!" दादूने तिच्याकडे वळून पाहिले, कंबरेची चंची काढली आणि जड मनाने चौरंगावर ठेवली. तो त्याग खरा होता. लोकांनी जयजयकार केला.

मगदूम सावकाश उठले. "आजपासून गोड वर्ज्य. बासुंदी न्हाई, पेढा न्हाई, चहात साखर न्हाई. मरेस्तवर."

"आक्षेप!" दादू म्हणाला. "डॉक्टरनी अण्णांचं गोड कवाच बंद केलंय. सोडलेलं परत सोडता येत न्हाई."

"डॉक्टरनी बंद केलंय. मी कुठं सोडलंय?"

मी बायकांच्या बाजूला पाहिले. मगदुमांच्या पत्नी चंपाक्का पुढच्याच रांगेत होत्या. ठसठशीत कुंकू, नाकात मोत्यांची भरगच्च नथ. "अक्का, तुम्ही सांगा."

"खातात की!" चंपाक्का म्हणाल्या. "दुकानाच्या गल्ल्यात पेढे ठेवतात. मला कळत न्हाई असं त्येंना वाटतंय."

हशा ओसरेपर्यंत मगदूम मान खाली घालून उभे होते. मी त्यांचा सवाल मान्य केला. मग त्रिशला उठली. साध्या सुती साडीत ती त्या गर्दीत फारच लहान दिसत होती.

"रेशीम, मोती, कस्तुरी, मेण, लाख. जे जे अंगाला लावायला किंवा अंगावर मिरवायला एखाद्या जिवाला मारावं किंवा छळावं लागतं, ते सगळं मी आयुष्यभरासाठी सोडते."

मंडपात कुजबुज झाली. एवढा मोठा त्याग तिथे कोणी बोलले नव्हते. दादूने मात्र हात वर केला. "आन् दूध गं? उद्या दुधाचा कलश हाय. म्हशीला काय सुख असतंय व्हय?"

"दादूमामा, तो प्रश्न खरा आहे," ती म्हणाली. "तुमच्या म्हशीला विचारून पुढच्या वर्षी मी तो इथंच मांडते. आज गंधाचा सवाल आहे."

पुढच्या वर्षी तिने तो मांडलाही. त्या दिवशी मात्र दादू हसून खाली बसला आणि मगदूम उभे राहिले.

"पंडितजी, ही रेशीम नेसती का?"

"नाही."

"मोती घालती? मेण लावती?"

"नाही." ते कुठे चालले आहेत ते मला दिसत होते.

"म्हंजी हे सगळं हिनं आधीच सोडलंय. नियम काय म्हणतोय?"

मी त्रिशलेकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बोलता आले नसते. "सोडलेले पुन्हा सोडता येत नाही," मी म्हणालो. "हा सवाल धरता येणार नाही."

त्या नियमाची अशी बाजू असू शकते, हे मला तोवर सुचले नव्हते. ज्याच्या घरात भरपूर आहे त्याला त्या मंडपात बोलायला भरपूर होते. जिने स्वतःजवळ काही ठेवलेच नव्हते तिच्याजवळ द्यायला काय असणार? त्रिशला उभीच होती. तिची बोटे पदराखालच्या त्या डागाळलेल्या मनगटाभोवती फिरत होती.

"एक आहे," ती अखेर म्हणाली. "आईचा शालू. रेशमी आहे. मी तो नेसत नाही, नेसणार नव्हतेही. पण सोडलेला नाही. ट्रंकेत आहे. कधी कधी काढून उशाशी घेते. त्याला अजून तिच्या पेटीतल्या वाळ्याचा वास येतो."

वसुमतीच्या लग्नात तो शालू मीच घेऊन आलो होतो. त्रिशला तो उशाशी घेऊन निजते, हे एकाच घरात राहून मला त्या दिवशी कळले.

ती घरी जाऊन शालू घेऊन आली आणि तिने तो चौरंगावर ठेवला. न्याय करायचा होता, आणि माझ्या नाकाला वाळ्याचा वास येत होता.

"शालू बासुंदीहून जड आहे," मी म्हणालो. "अण्णा?"

मगदुमांचा चेहरा लाल झाला होता. त्यांच्या घरचा मान त्यांच्या डोळ्यांदेखत जात होता. "गोड सोडलंच," ते म्हणाले. "त्येच्यावर एकाशन. आजपासून दिवसातनं एकदाच जेवणार. पाणीसुद्धा त्याच वेळेला. मरेस्तवर."

कोणी टाळी वाजवली नाही. मधुमेह असलेला साठीचा माणूस दिवसातून एकदाच अन्नपाणी घेऊन किती दिवस काढील, हे सगळ्यांना समजत होते. हा त्याग जड होता यात शंका नव्हती आणि तो तसा जाहीर करायला माझी जीभ वळत नव्हती. तेवढ्यात चंपाक्का उठल्या.

"जोड द्यायची असली तर बाईमाणसाला चालती का, पंडितजी?"

"चालते, अक्का. कोणाच्या त्यागाला?"

"पोरीच्या." त्यांनी दोन्ही हात नाकापाशी नेले. नथ काढायला थोडा वेळ लागला. फासा घट्ट बसला होता. ती त्यांनी शालूच्या घडीवर ठेवली. "सासूबाईंनी घातलेली हाय. त्येच्यातलं मोती शिंपल्यातला जीव मारून काढलेलं असत्यात, हे हिनं मला सांगितलं तवापासनं रोज आरशात टोचतंय. आजपासून मोती न्हाई."

"अगं, तू कुणाकडनं बोलतीस?" मगदूम ओरडले. "घरचा कलश हाय आपला!"

"घरचा माणूस पण हाय माझा," चंपाक्का म्हणाल्या. "डॉक्टरनी येळच्या येळी खायला सांगितलंय. तुम्हाला उपाशी मारून मला देवाला गंध लावायचा न्हाई. अवो, गोगलगाईसाठी ती पोर आईचा शालू सोडती. तुम्ही कशासाठी मराय निघालाय? मानासाठी?"

मगदूम बायकोच्या मोकळ्या नाकाकडे पाहत होते. ते नाक नथीवाचून त्यांनी बहुधा वर्षानुवर्षे पाहिले नव्हते. मग ते शालूजवळ आले, वाकले, आणि त्यांनी त्याचा वास घेतला. अत्तराच्या व्यापाऱ्याने माल पाहावा तसा नव्हे, घाईने, चोरल्यासारखा.

"एकाशन मागं घेतो," ते म्हणाले. "बोली बदलता येते ना?"

"निर्णय होईपर्यंत येते."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि चांदीची डबी चौरंगावर ठेवली. "ही सोडली. ही आन् हिच्या जातीचं सगळं. नखला, अंबर, जे काय जिवाचं असंल ते. माझ्या दुकानातनं, घरातनं, कलशातनं. आजोबांनी मरताना माझ्या हातात दिली होती. पोरांनासुद्धा हात लावू दिला न्हाई मी. हिच्याहून जड माझ्याजवळ दुसरं न्हाई, पंडितजी. बघा, तोलून बघा."

मी तोलून पाहिले. एका पारड्यात माझ्या बहिणीचा शालू आणि एका सुवासिनीची नथ होती. दुसऱ्यात एका माणसाचा उभा जन्म होता: त्याचे दुकान, त्याच्या घराण्याचे नाव, त्याच्या नाकाचा गर्व. दिलेला शब्द मला आठवत होता. भाची म्हणून गुंजभरही अधिक धरायचे नव्हते, आणि म्हणून कमीही धरायचे नव्हते.

"मगदुमांचा त्याग जड आहे," मी म्हणालो. "सर्वौषधीचा कलश देवगोंडा मगदूम यांचा."

पुरुषांच्या बाजूने जयजयकार उठला, पण तो पुरता उठला नाही. त्रिशलेने चौरंगाला नमस्कार केला आणि आपली बाटली पिशवीत टाकली.

"कुठं निघालीस?" मगदुमांनी विचारले.

"खोली आवरायला, अण्णा."

"थांब. पंडितजी, कलश माझा ना?"

"तुमचा."

"ज्याचा कलश त्याचं द्रव्य?"

"होय."

"मग मला एवढंच सांगा, उद्या कलशात मी घालू काय?" त्यांनी रिकामे हात पसरले. "कस्तुरी सोडली. नखला तिच्यासंगं गेला. सर्वौषधी कुठनं आणू?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात दादू चौगुल्याचा आवाज आला, "दोडक्याचा रस, अण्णा!"

ती सकाळची गोष्ट दादूपर्यंत कशी पोचली ते मला आजवर कळलेले नाही. मंडप असा हसला की छपरावरची कबुतरे उडाली. मगदूमही हसत होते. हसता हसता ते उपरण्याने डोळे पुसत होते आणि त्रिशलेसमोर उभे होते.

"आण ती भेंडी," ते म्हणाले. "सकाळी चेष्टा केली, ती मनावर घेऊ नकोस. आन् खोली सोडायला सांगितलं होतं, ते पण मी सोडलं. तेवढं त्यागात धरा, पंडितजी."

सगळे उठू लागले. कोणीतरी चंपाक्कांना म्हणाले, "अक्का, तुमची बाजू हरली. नथ उचला आता, नियमानं ती तुमची."

"कोण म्हणतंय हरली?" चंपाक्का म्हणाल्या, आणि चौरंगाकडे न पाहता देवदर्शनाला आत गेल्या. शालूदेखील कोणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येत असताना अभिषेक सुरू झाला. मूर्तीच्या मागे बांधलेल्या मचाणावरून जलाचा, नारळपाण्याचा, उसाच्या रसाचा, दुधाचा असे कलश क्रमाने झाले. मी खाली उभा राहून मंत्र म्हणत होतो. सर्वौषधीच्या कलशाची वेळ आली तेव्हा मगदूम मचाणावर चढले आणि वरून त्यांनी हाक मारली, "पोरी, वर ये. माझ्या एकट्याच्यानं उचलायचा न्हाई हा."

कलश मुळीच जड नव्हता. त्रिशला चढून गेली.

चंदनाचा तो पिवळसर लेप भगवंतांच्या मस्तकावरून खांद्यांवर आला आणि तिथून दगडात कोरलेल्या वेलींच्या वाटेने खाली उतरू लागला. मूर्तीच्या दंडांवरच्या, मांड्यांवरच्या त्या वेली मी लहानपणापासून पाहत आलो होतो. इतकी वर्षे मला त्या तपाची खूण वाटत. त्या दिवशी प्रथमच असे वाटले की त्या वेली भगवंतांनी अंगाखांद्यावर वाढू दिल्या होत्या. लेप पानापानांत भरला. वारुळाच्या तोंडाशी कोरलेल्या सापाच्या फण्यावरून तो पावलांपाशी असलेल्या हौदात जमा झाला.

त्या हौदातले गंधोदक भाविक मस्तकाला लावतात आणि डोळ्यांना लावतात. रांग लागली. मचाणावरून उतरलेली त्रिशला हौदाच्या बाजूला उभी होती. ती भगवंतांकडे पाहत नव्हती, माणसांच्या डोळ्यांकडे पाहत होती. म्हातारे, बायका, कडेवरची मुले. ओली बोटे पापण्यांवर फिरत होती, डोळे मिटत होते, उघडत होते, आणि कोणाच्याही डोळ्यात आग होत नव्हती. दादूने तर दोन्ही डोळ्यांना दोनदा लावले. मी तिच्याकडे पाहिले तेव्हा तिचे मनगट पदराखाली नव्हते. पुष्कळ दिवसांनी ते उघडे होते.

शेवटी मगदूम आले. कानातला हिन्याचा फाया त्यांनी काढून ठेवला होता. त्यांनी गंधोदक डोळ्यांना लावले, मग ओला तळहात नाकाशी नेला. चेहऱ्यावर काहीच उमटले नाही.

"चंदन येतंय," ते म्हणाले. "केशर येतंय. बाकी काय न्हाई."

"थांबावं लागतं, अण्णा," त्रिशला म्हणाली. "लताकस्तुरी अंगाची ऊब घेते, मग बोलते."

रांग थांबली. चंपाक्का मोकळ्या नाकाने नवऱ्याकडे पाहत उभ्या होत्या. मगदुमांनी मूठ मिटली, छातीशी धरली, आणि डोळे मिटले. उन्हे टेकडीवर आली. खाली उसाच्या फडात वारा सुटल्याचे ऐकू येत होते. मग त्यांनी मूठ उघडली आणि पुन्हा वास घेतला. एकदा. आणखी एकदा, खोल.

त्यांनी माझा हात धरला.

"पंडितजी," ते म्हणाले, "हरीण जिवंत हाय."